बार्शी लाइट : पाच टनांचा हिशेब

बार्शी लाइटचं मॉडेल करायचंय असं म्हणत कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी एकच विचारतो : कोणत्या सालातली? समोरचा गोंधळतो. त्याच्या हातात इंजिनाचा एखादा फोटो असतो, डोक्यात आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी असतात, आणि त्याला हवी असते ‘ती जुनी छोटी गाडी’. पण नुसती जुनी अशी गाडी कधी धावलेली नाही. १८९७ ची बार्शी लाइट म्हणजे बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढाच एकवीस-बावीस मैलांचा तुकडा होता. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९०७ मध्ये तडवळ्याला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. तेव्हा कुठे ती २०२ मैलांची झाली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारनं विकत घेतली आणि डब्यांवर मध्य रेल्वेची अक्षरं आली. १९१० सालच्या बार्शी स्टेशनचं मॉडेल करून त्यात मिरजेची पाटी लावली, तर ते कितीही सुबक असलं तरी खोटं बोलतं.

मी धंद्यानं ड्राफ्ट्समन. पुण्यातल्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांचे भाग कागदावर उतरवले. जन्म बार्शीचा, त्यामुळे या गाडीत बसायला कुणी मुद्दाम न्यावं लागलं नाही. आजोळी जायचं तर तीच गाडी होती. मॉडेलचा नाद मात्र निवृत्तीनंतरचा. आता कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयातली गाडी पाहून वेडी झालेली मुलं कॉलेजात जातात, नोकरीला लागतात आणि मग त्यांना आपल्या गावची गाडी करावीशी वाटते. जर्मन इंजिनं विकत मिळतात. बार्शी लाइटचं इंजिन मात्र दुकानात मिळत नाही, ते शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, हे मी इथे लिहितोय, कारण ज्यांनी ती गाडी हाताळली ते लोक एकेक करून जात आहेत.

माझं सांगणं थोडक्यात असं की, नाहीशा झालेल्या रेल्वेचा अभ्यास फोटोपासून सुरू करू नये. ती ज्या माणसानं उभी केली, त्याचा विचार काय होता हे आधी समजून घ्यावं. बार्शी लाइटच्या बाबतीत हे जितकं खरं आहे तितकं दुसऱ्या क्वचितच एखाद्या मार्गाबाबत असेल, कारण ही गाडी म्हणजे एका माणसाचा सिद्धांत होता.

तो माणूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८५७ चा जन्म. १८८२ मध्ये तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्ग तेव्हा बांधून झाले होते. मुंबई-सोलापूर-रायचूर मार्ग बार्शीपासून वीसेक मैल दुरून गेला होता. बार्शी ही त्या काळी कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती. नकाशात पाहा : बार्शी तालुका इंग्रजी मुलखाचा, सोलापूर जिल्ह्यातला, पण त्याला वेढा निजामाच्या राज्याचा. बालाघाटावरचा माल घाट उतरून बार्शीच्या आडतीत यायचा, तिथून बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनला. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. इथे मोठी रेल्वे घालणं कुणाला परवडणार नव्हतं, आणि काहीच न घालणंही परवडत नव्हतं. कॅलथ्रॉपला यातून वाट दिसली. त्यानं नोकरी सोडली, वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या आणि १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली.

त्याचा विचार असा : रुळांवर पडणारं ओझं एका आसाला पाच टनांच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंजिन असो, डबा असो की वाघीण, सगळ्यांना हा एकच कायदा. तोवर लहान गाड्यांमध्ये इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असायच्या. म्हणजे सगळा रूळ, सगळे पूल त्या एका जड इंजिनासाठी भक्कम बांधायचे, आणि बाकी गाडीसाठी तो खर्च वाया. कॅलथ्रॉप म्हणाला, ओझं सगळीकडे सारखं वाटा. मग तीस पौंडी रूळ पुरतो. तीस पौंडी म्हणजे यार्डाला तीस पौंड, आपल्या हिशेबात मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज कुर्डुवाडीच्या मुख्य मार्गावर मीटरला साठ किलोचा रूळ आहे.

हा कायदा एकदा मनात पक्का बसला, की गाडी आपोआप दिसू लागते. मोठी भरलेली गाडी ओढायची तर इंजिनाला वजन हवंच. वजन हवं आणि आसाला पाच टनच चालणार, तर आस वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यानं बनवलेली पहिली इंजिनं ०-८-४ टँक धाटणीची : पुढे जोडलेली आठ चाकं, मागे कोळशाच्या खणाखाली चार. सहा आस, म्हणजे तीस टनांच्या आतलं इंजिन. अडीच फुटी रुळावर आठ जोडचाकांचं इंजिन पाहून नवख्याला वाटतं, हौसेनं केलंय. हौस नाही, भागाकार आहे.

वाघिणीचंही तसंच. दोन बोग्या, चार आस, भरलेल्या वाघिणीचं वजन वीस टनांच्या आत. आता त्या वीस टनांत लोखंड जितकं कमी, तितका कापूस जास्त. म्हणून कॅलथ्रॉप लीड्स फोर्ज कंपनीकडे गेला. सॅमसन फॉक्सचा हा कारखाना पोलादी पत्रा तापवून प्रचंड दाबाखाली साच्यात दाबायचा आणि त्यातून कडा वळवलेले चौकटीचे भाग काढायचा. पट्ट्या आणि अँगल रिवेटांनी जोडत बसायचं काम कमी झालं. चौकट हलकी झाली आणि ताकद गेली नाही. सगळ्या वाघिणींची चौकट एकच : पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद. वर पत्र्याच्या भिंती उभ्या केल्या की वाघीण तयार. माल जहाजावर चढण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ घालून सगळ्याची चाचणी झाली.

मॉडेल करणाऱ्यासाठी वरच्या परिच्छेदात तीन सूचना दडल्या आहेत. पहिली, बाजूच्या चौकटीवर रिवेटांची रांग ठोकत सुटू नका. दाबलेल्या पत्र्याला रिवेट कमी आणि कोपरे गोलसर असतात. इतर नॅरोगेज गाड्यांचे तयार संच आणून त्यांवर बार्शीचं नाव घातलं, की पहिली चूक इथे होते. दुसरी, एक चौकट नीट काढलीत की अर्धा ताफा काढून झाला, कारण पाया सगळ्या वाघिणींचा एक. तिसरी महत्त्वाची : सात फुटांचा देह अडीच फुटी रुळावर, म्हणजे रुळाच्या जवळजवळ तिप्पट रुंद. डबा रुळाबाहेर दोन्हीकडे लोंबतो. हे प्रमाण बिघडलं तर बाकी सगळं बरोबर करूनही गाडी बार्शीची वाटत नाही.

कॅलथ्रॉपबद्दल थोडं आणखी, कारण मला हा माणूस आवडतो. पुढे तो अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर त्यानं पुस्तक लिहिलं. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपनं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्यात स्वतःला झोकून दिलं. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. रूळ असो की आकाशातला माणूस, भार कसा तोलायचा याच एका प्रश्नाशी तो आयुष्यभर झगडला, असं मला त्याचं काम पाहताना वाटतं. १९२७ मध्ये, म्हणजे गाडी मिरजेला पोचली त्याच वर्षी, तो वारला.

आता कागद. रेल्वे बोर्डाचं एक जाड छापील प्रकाशन आहे, त्यात देशातल्या प्रत्येक मार्गाचा प्रत्येक तुकडा कधी उघडला याच्या तारखा आहेत. वर्षाची निवड करताना ते आधी उघडा. मग दरवर्षीचे रेल्वे प्रशासन अहवाल : त्यांत कंपनीकडे त्या वर्षी इंजिनं किती, डबे किती, वाघिणी किती हे असतं. आकड्यांचे रकाने रुक्ष वाटतात, पण दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की नवी इंजिनं कधी आली आणि जुनी कधी मोडीत गेली ते उघड होतं. ह्यू ह्यूजेस या इंग्रज अभ्यासकानं हिंदुस्थानातल्या नॅरोगेज इंजिनांची नोंदवही तयार केली, कारखान्याच्या क्रमांकासकट. तिच्याशिवाय या कामाला हात घालू नये. जुन्या ब्रॅडशॉ वेळापत्रकांतून गाड्यांची संख्या, थांबे आणि वेग कळतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंची नकाशांत गाडीची वळणं, पूल, स्टेशनांजवळच्या विहिरी आणि वस्ती दिसते. १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर तर रेल्वे येण्याच्या आधीच्या बार्शीचा माल, बाजार आणि रस्ते सांगतं. गाडी कशासाठी आली हे त्यावरून कळतं आणि मालधक्क्यावर काय रचून ठेवायचं तेही. कापसाच्या गाठी, सरकी, करडई, जवस. मॉडेलच्या मालधक्क्यावर नुसती खोकी रचणाऱ्यांचा मला राग येतो. बार्शीच्या धक्क्यावर खोकी कशाला येतील?

फोटोंचं मोल मी कमी करत नाही, पण त्यांची उलटतपासणी घ्यावी लागते. कारखान्याच्या अंगणात काढलेला नव्या इंजिनाचा फोटो सर्वांत स्पष्ट असतो आणि त्यातला रंग सर्वांत फसवा असतो. ब्रिटिश कारखाने फोटोसाठी इंजिनाला मुद्दाम राखाडी मुलामा द्यायचे, म्हणजे प्रत्येक कड उठून दिसे. फोटो झाला की खरा रंग चढायचा. शिवाय त्या काळच्या काचेच्या फोटोप्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल काळपट यायचा, निळा फिकट. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ‘गाडी काळी होती’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजाला पुरावा म्हणणं. रंग शोधायचा तर जुन्या लाकडाचा तुकडा हवा. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात दाराला लावलेली डब्याची फळी मला मिळाली होती. बारीक पॉलिश पेपरनं तिचा एक कोपरा तिरका घासला, आणि रंगांचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाखाली एक उघडे पडले. वरचा थर शेवटचा, लाकडाला चिकटलेला पहिला. कुठला थर कुठल्या काळाचा हे ठरवायला मग कागदांकडे परत यावं लागतं.

कॅलथ्रॉपनं इंग्लंडात, स्टॅफर्डशरमध्ये, याच अडीच फुटी मापावर लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आणखी एक गाडी उभी केली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. तिथली इंजिनंही किटसनचीच, तिथल्या डब्यांमागेही हाच विचार. इंग्लंडातल्या हौशी लोकांनी त्या गाडीचा इंच न् इंच मोजून आराखडे छापून ठेवले आहेत. बार्शीच्या गाडीचा एखादा भाग कसा जोडला असेल हे कळेना, तर या चुलत बहिणीकडे पाहावं. पण फक्त पाहावं. तिथली इंजिनं २-६-४ आहेत, आपली ०-८-४. तिथे मोठ्या रुळावरची अख्खी वाघीण छोट्या रुळावरच्या वाहक-गाडीवर चढवायची सोय होती. बार्शी रोडला सगळा माल हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायचा. माथेरानच्या पहिल्या इंजिनांमागेही कॅलथ्रॉपचं डोकं आहे. ती जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बनवली, आणि त्यांतलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. माथेरानचा रूळ मात्र दोन फुटी आणि वळणं घाटाची, म्हणून तिथली मापं बार्शीला लावू नयेत. नातं ओळखण्यासाठी तेवढं ते इंजिन डोळे भरून पाहावं.

जमिनीवरचा पुरावा अजून आहे, पण रोज थोडा कमी होतोय. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं, लातूरकडचा भाग २००७-०८ मध्ये, मिरजेकडचा २०१०-११ च्या सुमारास. मिरजेकडे नवा रूळ बराचसा जुन्या वाटेनंच गेला. लातूरकडे तसं नाही : जुनी गाडी धाराशिव शहराला वळसा घालून जायची, नवी शहरातून जाते. म्हणून येडशी आणि रामलिंगच्या घाटात जुन्या मार्गाचा भराव, कापलेले कातळ आणि लहान मोऱ्या अजून सापडतात. बार्शीची सपाटी संपून बालाघाटाचा चढ लागतो तो हाच. लहानपणी या चढावर गाडीचा आवाज बदलायचा आणि मी खिडकीतून मान बाहेर काढायचो. आई सदऱ्याची मागची बाजू धरून ठेवायची. पुढच्या वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन बाजूनं दिसायचं.

तिथे टेप आणि वही घेऊन फिरायला मला फार आवडतं. मोरीचा गाळा मोजायचा, दगडाच्या थरांची उंची मोजायची, भरावाची माथ्यावरची रुंदी मोजायची. दगड काळा, बेसाल्ट, जोड चुन्याचा. आसाला पाच टनांचा कायदा इथेही दिसतो : मोऱ्यांच्या भिंती मोठ्या रेल्वेच्या मानानं किती सडसडीत आहेत! आराखडे काढणाऱ्यानं जो हिशेब कागदावर मांडला, तो गवंड्यानं दगडात तसाच उतरवलाय. मॉडेलमध्ये पूल जाडजूड केलात तर गाडी हलकी दिसणार नाही.

माणसांच्या आठवणी हा सर्वांत गोड आणि सर्वांत निसरडा पुरावा. कुर्डुवाडीला नॅरोगेजचं वर्कशॉप होतं, त्यावर निम्मं गाव जगलं. तिथले एक निवृत्त फिटर, सगळे त्यांना तात्या म्हणतात, माझे मोठे आधार. मी त्यांना विचारलं, “तात्या, इंजिनाचा भोंगा कसा होता?”

“कोणत्या इंजिनाचा?” त्यांनी उलट विचारलं. “मोठ्याचा येगळा, लहान्याचा येगळा. आन् पावसाळ्यात दोन्ही येगळे.”

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. तात्यांनी हाताळलेली मोठी इंजिनं म्हणजे पुढच्या काळात आलेली २-८-२ धाटणीची. ०-८-४ त्यांना ठाऊक आहे, पण ती त्यांच्या वडिलांच्या तोंडून. त्यांच्या बोलण्यात दोन पिढ्या मिसळतात. म्हणून मी त्यांना कधीच ‘पूर्वी कसं होतं’ असं विचारत नाही. ‘तुम्ही स्वतः कोणता नट सोडवला, कोणत्या पान्यानं, खाली वाकून की उभ्यानं’ असं विचारतो. हातांची आठवण डोळ्यांच्या आठवणीपेक्षा पक्की असते. बफर किती उंचीवर होता, हे त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. मी तिथेच टेप लावली. ते माप खरं धरायचं नाही, पण आराखड्यात दोन शक्यता उरल्या असतील तर कोणती निवडायची, हे त्यावरून ठरतं.

आगवाले, सांधेवाले, गँगमन, मालधक्क्यावरचे हमाल, स्टेशनवरचे चहावाले, सगळ्यांना असंच विचारावं. आणि बोलणं रेकॉर्ड करावं, घरी येऊन त्याच रात्री उतरवून काढावं. मुलाखतीच्या वहीत मी दोन रकाने करतो : स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं. दुसरा रकाना भरगच्च होतो, पहिला मोजका राहतो. मॉडेल पहिल्या रकान्यावर उभं करायचं.

मापाचा प्रश्न उरला. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ या मापात त्याचे पावणेनऊ होतात; बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो, तो चालतो. १:४८ मध्ये जवळजवळ सोळा होतात आणि सगळीकडे मिळणारा साडेसोळाचा रूळ वापरता येतो. मी १:४८ वर काम करतो, कारण पंचवीस फुटी वाघीण त्यात सुमारे १५९ मिलिमीटरची येते. दाराची कडी हातानं करता येईल एवढी. पण रुळाची उंची पाहा. दुकानात सर्रास मिळणारा रूळ अडीच मिलिमीटर उंच असतो. त्याला ४८ नं गुणा : १२० मिलिमीटर. हा बार्शीच्या मानानं फारच जड रूळ झाला. तीस पौंडी रूळ फार तर तीन-सव्वातीन इंच. म्हणून पावणेदोन मिलिमीटरचा बारीक रूळ मागवावा, आणि तो स्लीपरवर स्वतः डाग देऊन बसवावा. काम वाढतं हे मान्य. पण ज्या गाडीचा जन्मच हलक्या रुळासाठी झाला, तिला जड रुळावर उभी करणं मला पटत नाही.

कुर्डुवाडी करायचं तर दुसरी अडचण. शेजारचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:४८ मध्ये पस्तीस. तसा रूळ कुठेच तयार मिळत नाही, कारण जगातली दुकानं युरोपच्या मापावर चालतात. आपला ब्रॉडगेज हातानंच घालावा लागतो. मिरजेला आणखी निराळं : तिथे बार्शी लाइट पोचली तेव्हा शेजारी मीटरगेज होतं, पुणे-बेळगाव मार्गाचं. ब्रॉडगेज तिथे खूप पुढे आलं. १९३० च्या मिरजेत अडीच फुटी रुळाशेजारी साडेपाच फुटी रूळ दाखवणारा सुंदर डायोरामा मी पाहिलाय. करणाऱ्याचा हात सोन्यासारखा होता. साल विचारलं असतं तर तो वाचला असता.

होतकरू माणसाला मी तडवळं सुचवतो. १९०७ ते १९११ ही चारच वर्षं ते या गाडीचं शेवटचं स्टेशन होतं. निजामाच्या मुलखात, जिथे बाजारात हाली सिक्का चालायचा आणि टपालाचं तिकीटही हैदराबादचं. एका छोट्या फळीवर सगळं मावतं : शेवटचा रूळ, इंजिन वळवून पुढे आणायची सोय, कापसाच्या गाडीवाल्यांचा तळ, आणि किटसनचं ते लांबोडकं इंजिन. चार वर्षांतलं जग असल्यामुळे चुकीला जागाही कमी.

मी स्वतः करतोय ते मात्र कुर्डुवाडी, १९१२ ची आषाढी. पंढरपूरचा फाटा सहा वर्षांचा जुना, लातूरचा एका वर्षाचा. ब्रॉडगेजवरून सोलापूर आणि पुण्याकडून वारकरी उतरताहेत आणि छोट्या गाडीत चढताहेत. ती गाडी येण्याआधी इथून पंढरपूर म्हणजे तीसेक मैलांची पायपीट, नाही तर बैलगाडी. यात्रेच्या गर्दीला डबे पुरायचे नाहीत, तेव्हा माणसं मालाच्या वाघिणीतूनही जायची. एरवी तिच्यातूनच कापूस यायचा. आणि इथे पाच टनांचा कायदा माणसांना लागू होतो. वाघीण पंधराएक टन कापसासाठी बेतलेली. तिच्यात माणसं कितीही दाटली तरी वजन त्याच्या जवळपासही जात नाही. दाटी व्हायची ती जागेची, हवेची. चौकटीला त्यांचा भार जाणवतही नसे.

म्हणून माझ्या मॉडेलमधल्या त्या वाघिणींची दारं उघडी आहेत. आत माणसं बसलेली नाहीत, उभी आहेत. दारात भगव्या पताका, एका बाईच्या डोक्यावर तुळशीचं वृंदावन, खाली धक्क्यावर पाण्याची चरवी घेऊन धावणारा पोरगा. १:४८ मध्ये माणूस साधारण पस्तीस मिलिमीटरचा येतो. विकतचे पुतळे टोपी आणि कोटवाले असतात, त्यामुळे फेटे, धोतरं आणि लुगडी मी इपॉक्सीच्या मऊ लगद्यातून वळतोय. दोन वाघिणी भरल्यात, तिसरीचं काम चालू आहे. पहिली वाघीण तात्यांना दाखवायला कुर्डुवाडीला नेली होती. त्यांनी ती उचलून आधी उलटी केली आणि बोगी कशी जोडलीय ते पाहिलं.